टॉर्चची जागा

१

त्या मे महिन्यात शेवंताच्या रागाला रोज संध्याकाळी सातला नवं कारण मिळायचं. सात वाजले की लाईट जायची.

रिसाली वस्तीच्या मागच्या अंगाला, पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत धानाची शेतं होती तिथं, एकमेकींना खेटून नव्या घरांची ओळ उभी राहिली होती. त्या ओळीत तिच्या मुलानं, धम्मपालनं, घर घेतलं होतं. धम्मपाल रेल्वेत होता. त्याची बायको सुनिता एका खासगी शाळेत शिकवायची. शेवंता पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाली, कंपनीचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं, आणि तिघं इथं राहायला आली. उन्हाळा तापून घरोघर कूलर घरघरायला लागले की कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर मान टाकायचा. कधी पाऊण तास, कधी तासभर. तक्रारीच्या नंबरवर फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, ‘आपकी शिकायत दर्ज कर ली गई है.’

‘‘दर्ज करतं, दर्ज करतं, आन दर्ज करून त्याचं लोनचं घालतं का व?’’ शेवंता तिला विचारायची. ती बाई रेकॉर्ड केलेली होती, तरी विचारायची.

एका संध्याकाळी तुरीच्या वरणानं भरलेलं गंज चिमट्यात धरून ती ओट्यापासून वळली आणि लाईट गेली. अर्धं वरण पायावर सांडलं. धम्मपाल पुढच्या खोलीतून ओरडला, ‘‘थांब आई, मोबाईलची लावतो,’’ आणि मग बराच वेळ मोबाईल कुठं ठेवला ते शोधत बसला.

‘‘मोबाईल शोधायले दुसरा मोबाईल लागते या घरात,’’ पायावर पाणी ओतत शेवंता म्हणाली. ‘‘सारे शिकले-सवरलेले, आन एका वस्तूले जागा नाही.’’

दुसऱ्या दिवशी पायाला मलम लावून ती सुपेल्याच्या बाजारात गेली. पहिल्या दुकानदारानं तिला रंगीत लुकलुकणारा कंदील दाखवला. दुसऱ्यानं बोटाएवढी किल्लीला लटकवायची टॉर्च. ‘‘हे लेकरायच्या खेळन्यातलं आहे,’’ असं दोघांनाही सांगून ती तिसऱ्या दुकानात शिरली. तिथल्या कमलेशनं तिचं म्हणणं निदान ऐकून तरी घेतलं.

‘‘एका जागी राहीन अशी पाहिजे,’’ ती म्हणाली. ‘‘अंधारात हात टाकला का हातात आली पाहिजे.’’

कमलेशनं खोक्यातून वीतभर लांबीची पिवळी टॉर्च काढली. तिच्या पाठीला चुंबक होतं. त्यानं ती नुसती शटरजवळ नेली आणि टॉर्च त्याच्या हातातून सुटून शटरला जाऊन बसली. टक्.

‘‘देखा अम्मा? लोहा दिखा कि चिपकी.’’

तो आवाज शेवंताला फार आवडला.

२

घर आगगाडीच्या डब्यासारखं होतं. पुढे बैठक, मग मधली खोली, मग सयपाकखोली, मागे लहानसं आंगण. मधल्या खोलीला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा तिथं बल्ब लावावा लागायचा. फ्रिज तिथंच होता, कारण सयपाकखोलीत तो मावत नव्हता. उन्हाळ्यात त्या खोलीतली खाट बाहेर काढलेली, त्यामुळे फ्रिज, कोपऱ्यातली लोखंडी आलमारी आणि जमिनीवर अंथरलेली एक दरी, म्हणजे सतरंजी, एवढंच तिथं होतं.

शेवंतानं दोघांना बोलावून टॉर्च फ्रिजच्या उजव्या अंगाला, आपल्या छातीच्या उंचीवर लावली.

‘‘हे पाहा. इची जागा ही. वापरली का इथंच. बाजूले नाही, खाली नाही, वर नाही.’’

‘‘हाव आई,’’ धम्मपाल म्हणाला. सुनितानं मान हलवली.

कुणाला वाटेल, एवढ्याशा टॉर्चसाठी केवढा हा दंडक. पण शेवंतानं सव्वीस वर्षं प्लांटच्या टूल रूममध्ये काढली होती. वडलांच्या जागेवर ती लागली तेव्हा तिथली सगळी माणसं म्हणाली होती, बाई काय पाने-कानशी सांभाळणार. तिनं प्रत्येक अवजारामागे फळीवर त्याचा आकार रंगवून घेतला. कामगारानं खिडकीतून पितळी बिल्ला द्यायचा, अवजार न्यायचं, आणून देईपर्यंत बिल्ला त्या आकारावर टांगलेला. सव्वीस वर्षांत तिच्या खिडकीतून एकही पाना हरवला नव्हता. निरोपाच्या दिवशी फोरमननं हीच एक गोष्ट सांगितली होती, आणि तेवढ्यानं तिचे डोळे भरून आले होते.

टॉर्च लावून चार दिवस झाले. पाचव्या संध्याकाळी ती सयपाकखोलीत पोळ्या लाटत होती. लाईट गेली. ती शांतपणे उठली. सयपाकखोलीच्या दारापासून फ्रिजपर्यंत सहा पावलं. सहा पावलं मोजून तिनं हात टाकला.

हाताला फ्रिजचा गुळगुळीत पत्रा लागला. टॉर्च नव्हती.

तिनं वर चाचपलं, खाली चाचपलं. लाईट येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि आली तेव्हा टॉर्च तिच्यासमोर होती. समोरच्या कोपऱ्यात, आलमारीच्या दाराला लागलेली.

‘‘सुनिता!’’

सुनिता बैठकीत वह्या तपासत होती. ‘‘मैं तो उठलेच नाही, आई. सच्ची.’’

‘‘मंग टॉर्चले काय पाय फुटले?’’

धम्मपाल ड्यूटीवरून आला, त्यानं ऐकून घेतलं, आणि बूट काढता काढता तो सहज बोलून गेला. ‘‘अवं, तूच ठेवली असशीन आई. होते असं या वयात.’’

त्या रात्री शेवंता जेवली नाही. सुनितानं दोनदा येऊन विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘मले या वयात भूक लागत नाही.’’

३

मग ते वरचेवर व्हायला लागलं. एकदा टॉर्च आंगणाच्या टिनाच्या दाराला होती. एकदा गॅसच्या सिलिंडरला, तिच्या पाठीमागे, जिथं ती स्वतः चार पावलांवर उभी होती.

शेवंतानं हिशेबीपणानं पाहायला सुरुवात केली. संध्याकाळी पावणेसातला ती जाऊन बघायची, टॉर्च जागेवर. सात वाजता बघायची, जागेवर. लाईट गेली की सहा पावलं, आणि टॉर्च नाही. म्हणजे जे काय होत होतं ते उजेडात होत नव्हतं, आणि अंधार झाल्यावर सहा पावलांच्या आत होत होतं. एक दिवस ती फ्रिजजवळच पाट टाकून बसली. लाईट गेली, तिनं हात वर केला, टॉर्च जागेवर. तासभर ती तशीच टॉर्चवर हात धरून बसली, आणि काही झालं नाही. त्यानं तर ती आणखीच चिडली. चोराला आपण पाहात असल्याचं कळतं, तसलं काहीतरी झालं होतं हे.

आणि आवाज. आता ती कान देऊन असायची. लाईट गेली की कूलरचं पातं हळूहळू थांबायचं, शेजारच्या टीव्हीचा गोंगाट तुटायचा, आणि मग त्या शांततेत मधल्या खोलीतून यायचा तो टक्. चुंबक लोखंडाला बसल्याचा. टूल रूममध्ये डोळे मिटून ती सांगायची, कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगला. त्या कानांना ठाऊक होतं की हा टक् फ्रिजच्या बाजूनं येत नाही, आलमारीच्या कोपऱ्यातूनही येत नाही. तो खोलीच्या मधून येतो. आणि खोलीच्या मध्ये तर दरी होती फक्त.

शेजारच्या सिंधुताईंना तिनं हे आंगणाच्या भिंतीवरून सांगितलं. सांगायला नको होतं. सिंधुताईंनी आवाज खाली आणला.

‘‘शेवंताबाई, राग नका मानू. पन तुमचे जानराव तं नसतीन?’’

शेवंताचा नवरा जानराव बारा वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता.

‘‘सिंधुताई,’’ शेवंता म्हणाली, ‘‘बाबासाहेबानं आमाले या भुताखेताच्या भानगडीतून कवाच काढलं. आन तो मानूस जिवंत होता तवा उठून पान्याचा गिलास घेत नोहता. मेल्यावर माही टॉर्च उचलते का?’’

सिंधुताई हसल्या. शेवंता हसली नाही. कुणीतरी घरातलंच हे करत आहे आणि वर तिलाच वेडी ठरवतं आहे, एवढंच तिला दिसत होतं. भुतापेक्षा ते तिला कितीतरी खरं वाटत होतं.

४

शनिवारी दुपारी ती आंगणात वाळवण उलटत होती. सयपाकखोलीची खिडकी उघडी होती. आत दोघं बोलत होती.

‘‘दुर्गमध्ये एक डॉक्टर हैं,’’ सुनिता म्हणत होती. ‘‘मेमरीवाले. हमारी मॅडमच्या सासूला दाखवलं. सुरुवात अशीच होते म्हणतात. चीजें इधर-उधर रखना, मग दुसऱ्याचं नाव घेणं.’’

‘‘आई मानीन का?’’

‘‘बीपी तपासायचं सांग ना.’’

शेवंताच्या हातातला पापड मोडला. तिला आत जाऊन दोघांना विचारावंसं वाटलं, की तुम्हाला दोन हजार अकरा साली बारा नंबरचा पाना कोणी नेला होता ते सांगू का, आणि कोणत्या पाळीला परत आणला ते? पण तिनं गिळून टाकलं. भांडून काय सिद्ध झालं असतं? म्हातारी भांडते, एवढंच.

त्या संध्याकाळी दोघंही घरी नव्हती. धम्मपालची दुसरी पाळी, सुनिता शाळेत पालकांच्या सभेला. शेवंतानं ठरवलं, आज घरात मी एकटी. आज टॉर्च हलली तर नाव घ्यायला दुसरं कोणी नाही, आणि न हलली तर चोर घरातलाच.

तिनं सुतळी घेतली. टॉर्चच्या मागच्या कडीत एक टोक अडकवलं, दुसरं फ्रिजच्या मुठीला बांधलं, टूल रूममधली गाठ मारून, जी ओढली की आणखी घट्ट होते. सुतळी तीन हात मोकळी ठेवली, कारण टॉर्च काढून खोलीत उजेड दाखवता आला पाहिजे होता. मग पुढचं दार आतून कडी लावून बंद केलं, आंगणाचं दार बंद केलं, आणि सयपाकखोलीत जाऊन भाजी निवडत बसली.

सात वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

५

कूलर थांबला. शेजारचा टीव्ही थांबला. शेवंता हातातली मेथी तशीच धरून बसली.

टक्.

ती उठली. पाय रागानं चालत होते. सहा पावलं. फ्रिजचा पत्रा हाताला लागला. टॉर्च नव्हती. तिनं मूठ चाचपली. गाठ होती, जशी मारली तशी. गाठीपासून सुतळी खाली लोंबत असणार म्हणून तिनं हात खाली नेला.

सुतळी खाली नव्हती. ती ताठ होती. मुठीपासून आडवी, खोलीच्या मधल्या बाजूला, तिच्या छातीच्या उंचीवर ताणलेली.

शेवंतानं ती दोन बोटांत धरली. मग तिला जे सुचलं ते सव्वीस वर्षांच्या सवयीतलं होतं.

‘‘कोन आहे?’’ ती म्हणाली. ‘‘ठेव ती जागेवर.’’

तिनं सुतळी ओढली. जरा सैल आली. मग पलीकडून ओढली गेली. झटक्यानं नाही. टूल रूमच्या खिडकीत एखादा जुना कामगार अवजार परत देताना ते उगाच थोडं धरून ठेवायचा, तसं.

त्या ओढीनं शेवंताचं पित्त खवळलं. तिचं घर, तिची टॉर्च, तिनं मारलेली गाठ, आणि तिलाच खेळवायचं? तिनं सुतळीवर हात सरकवत पाऊल टाकलं. एक. दोन. तिसऱ्या पावलाला बोटं टॉर्चला लागली. टॉर्च कशाला तरी पाठ टेकून चिकटून होती. तिच्या समोर, तिच्याच उंचीवर, खोलीच्या अगदी मध्ये.

तिनं दोन्ही हातांनी टॉर्च धरली. धरताना बोटांची टोकं टॉर्चच्या मागे गेली. मे महिना होता, भिंतीसुद्धा तापलेल्या होत्या, आणि तिथं काहीतरी गार होतं. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला टूल रूमची खिडकी उघडताना गज लागायचे, तसं गार. त्याला कड होती. कड गोलसर होती, खांद्यासारखी.

शेवंतानं जोर लावून टॉर्च उपटली आणि मागे सरली. पाठ फ्रिजला आदळली. बटण सापडेना, मग सापडलं.

दरी. आलमारी. भिंतीवरचं कॅलेंडर. बैठकीचं उघडं दार आणि त्यापलीकडे आतून लावलेली कडी. खोलीत कोणी नव्हतं.

ती लाईट येईपर्यंत फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. लाईट आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुतळी सोडली, नीट गुंडाळली आणि खणात ठेवली. मग टॉर्च जागेवर लावली. मग खाली बसली.

६

धम्मपालनं सगळं ऐकलं. सुनितानं ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते पाहणं शेवंतानं पाहिलं.

‘‘बुधवारी दुर्गले जाऊ,’’ धम्मपाल म्हणाला. ‘‘बीपी तपासून येऊ.’’

‘‘जाऊ,’’ शेवंता म्हणाली. ‘‘बीपीचं का कशाचं, जिथं नेशीन तिथं येतो. पन त्याच्या आधी लाईट गेली का तू जाशीन टॉर्च आनाले. मी नाही, सुनिता नाही. तू.’’

‘‘जाईन ना. त्यात काय?’’

रविवारी संध्याकाळी अंधड सुटलं. टिनाचं दार थडाथडा वाजत होतं, धूळ सयपाकखोलीपर्यंत आली होती. सहाच वाजले होते, तरी आभाळ काळवंडलं होतं, आणि मधल्या खोलीला तसंही वेळेचं काही नव्हतं. सुनिता भजी तळत होती. धम्मपाल ओट्याला टेकून त्यातलीच एक-एक खात होता. लाईट गेली.

‘‘जाय,’’ शेवंता म्हणाली.

‘‘हात तं पुसू दे.’’ तो हसत निघाला. सुनितानं गॅस बंद केला. शेवंतानं अंधारात तिचं मनगट धरलं. तिला साक्षीदार पाहिजे होता.

सहा पावलं. धम्मपालची चार झाली असतील.

टक्.

‘‘ऐकलं?’’ शेवंता सुनिताच्या कानाशी म्हणाली. सुनिताचं मनगट आखडलं.

मग टॉर्च लागली.

दोघी सयपाकखोलीच्या दारात आल्या. धम्मपाल मधल्या खोलीत उभा होता, त्यांच्याकडे अर्धी पाठ करून. उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. समोरून पडला होता. आणि त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते, मोकळे, बोटांना बेसन लागलेले. शेवंतानं ते हात नीट पाहिले. उजेड ज्याच्याकडून येत होता तिकडे तिनंही पाहायचा प्रयत्न केला, पण दाराची चौकट आडवी येत होती आणि पुढे जायला पाय उचलेना.

धम्मपाल समोर पाहात होता. मान जराशी खाली घालून, आपल्याहून बुटक्या माणसाकडे पाहावं तसं.

‘‘आई?’’ तो म्हणाला.

‘‘काय रे?’’ शेवंता त्याच्या पाठीमागून म्हणाली.

त्याची मान वळली. अर्धी वळली, सयपाकखोलीकडे. मग पुन्हा उजेडाकडे गेली. त्याच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, आणि तेच शेवंताला पाहवेना.

टॉर्च विझली. दरीवर काहीतरी घासल्यासारखं झालं. सुनिता ओरडली, भांडं पडलं, अंधारात धक्काबुक्की झाली, आणि मग एकदम लाईट आली. कूलर सुरू झाला.

टॉर्च फ्रिजच्या उजव्या अंगाला होती. तिच्या जागेवर.

शेवंताच्या अंगात पुन्हा बळ आलं. ‘‘पाह्यलं ना? आता सांग. आता सांग, मी भुलक्कड आहो का!’’

धम्मपाल तिच्याकडे बराच वेळ पाहात राहिला. मग म्हणाला, ‘‘टॉर्च जागेवरच आहे. कुठं गेली होती? इथंच तं होती.’’

‘‘धम्मपाल!’’

‘‘इथंच होती,’’ तो म्हणाला, आणि बाथरूममध्ये जाऊन हात धूत राहिला. बराच वेळ धूत राहिला.

७

पोटचा पोर डोळ्यांनी पाहून खोटं बोलतो, यापेक्षा मोठा अपमान शेवंताच्या आयुष्यात झाला नव्हता. सुनिताला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मी घाबरले आई, मुझे कुछ समझा नहीं.’’

बुधवारी दुर्गला गेले. डॉक्टरनं तिला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. शेवंतानं दोनपर्यंत आणून सोडले आणि म्हणाली, ‘‘आखीन काही?’’ डॉक्टर हसला. म्हणाला, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. बाहेर आल्यावर तिनं धम्मपालकडे पाहिलं. त्यानं रिक्षावाल्याकडे पाहिलं.

पंधरा दिवसांत त्यानं घर विकायला काढलं. दुर्गमध्ये कोर्टाच्या मागे, एका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. तिथं इन्व्हर्टर होता. जुन्या घरातला फ्रिज, आलमारी, टॉर्च, सगळं त्यानं तिथंच सोडलं आणि कारण सांगितलं नाही. कुणाचाही फोन आला की तो एकच सांगायचा, ‘‘आईची तब्येत. विसरून राहिली. दवाखाना जवळ पडते इथून.’’

आणि आणखी एक. धम्मपाल जन्मापासून आईला अगंतुगं करायचा. आपल्याकडे आईला कोण अहोजाहो करतं? पण त्या रविवारपासून तो तिला ‘तुमी’ म्हणायला लागला. तुमी जेवल्या का. तुमी बसा. आधी तिला वाटलं, आजारी माणसाशी बोलतात तसं बोलतो आहे. त्याचाही तिला राग आला. मग त्या रागाखाली दुसरं काहीतरी हलायला लागलं, कारण तो ‘तुमी’ म्हणताना तिच्याकडे पाहात नसे, आणि तिच्या हातून चहाचा कप घेत नसे. ती कप ओट्यावर ठेवायची, मग तो उचलायचा.

एका रविवारी दुपारी नागपूरहून तिच्या भावाचा फोन आला. धम्मपाल गॅलरीत उभा राहून तेच सांगत होता. विसरते. वस्तू इकडच्या तिकडे ठेवते. शेवंतानं जाऊन त्याच्या हातातला फोन ओढला आणि बंद केला.

‘‘बस झालं,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरनं मले पास केलं. तुह्या दोन्ही हाताले बेसन होतं आन टॉर्च समोरून जळत होती, हे मी पाह्यलं. तू पाह्यलं. आन साऱ्या सोयऱ्यायत माहीच बदनामी करून राहिला? सांग आज. कोन होतं तिथं?’’

सुनिता आतून आली. दारात थांबली.

धम्मपाल गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून बोलला. ‘‘तुमीच होत्या.’’

‘‘काय?’’

‘‘तुमी उभ्या होत्या. हेच लुगडं. टॉर्च छातीवर लागून होती, हातात नोहती. मले वाटलं तुमी माह्या आधी येऊन मस्करी करून राहिल्या. मनून मी आई म्हटलं. आन तुमचा आवाज मागून आला.’’

कोर्टाच्या बाजूनं एक स्कूटर गेली. शेवंतानं अंगावरच्या लुगड्याकडे पाहिलं.

‘‘मंग?’’ शेवंता म्हणाली.

‘‘मंग तिनं टॉर्च विझवली. आन माह्या बाजूनं निघाली. अंगाले घासून गेली माह्या. गार.’’ त्यानं आपला दंड चोळला. ‘‘सयपाकखोलीकडे गेली. तुमच्याकडे. आन लाईट आली तं दारात सुनिताच्या बाजूले एकच आई होती.’’

शेवंताला आधी त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिच्या कानशिलांतून आग निघाली. ‘‘मंजे? तुले म्हनायचं काय आहे? मी मी नाही?’’ ती सुनिताकडे वळली. ‘‘सांग व याले. तुहा हात कोनाच्या हातात होता?’’

‘‘आईच्याच,’’ सुनिता घाईनं म्हणाली. ‘‘पूरे टाइम आईंनी माझं मनगट धरलं होतं.’’ मग तिचं तिलाच काही आठवलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘एकदा सुटला होता. मी ओरडले तेव्हा. मग परत धरला.’’

‘‘अंधारात धक्का लागला मनून सुटला!’’ शेवंता ओरडली. ‘‘माह्या पोटात नऊ महिने होता तू. धर हात. धर, पाह्य मी गार आहो का गरम.’’

तिनं हात पुढे केला. सुरकुतलेला, नसा वर आलेला, दुपारच्या उन्हात तापलेला हात. ती तो तसाच धरून उभी राहिली. दंड भरून आला तरी खाली घेतला नाही.

सुनिता दारातून पुढे आली नाही. धम्मपालनं एकदा त्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

‘‘राहू द्या,’’ तो म्हणाला. ‘‘ऊन लागून राहिलं तुमाले. आत बसा तुमी.’’